चाल कोण लिहून ठेवणार?

लोकगीतांचा कोणताही संग्रह उघडा. शब्द सापडतील, चाल क्वचितच सापडेल. आपल्या प्रकल्पांतही तेच. चालीच्या जागी ‘पारंपरिक’ एवढे लिहून आपण मोकळे होतो. मीही झालो होतो.

मी मनोरीचा, मार्व्याच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून कॉलेजला येणारा. आमच्या ईस्ट इंडियन लोकांत लग्नाआधी ‘उंबराचे पाणी’ आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. त्या वेळची गाणी आजीला पाठ आहेत. तिच्याबरोबर गाणाऱ्या बायका आता दोन-तीनच उरल्या. गेल्या लग्नात विहिरीवर लाउडस्पीकरच गात होता!

म्हणून सुट्टीत घरच्या जुन्या संगणकावर ‘म्यूझस्कोअर’ घेतले. जर्मनीच्या व्हेर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही स्वरलेखनाची प्रणाली पूर्णपणे फुकट आहे. (विद्यार्थ्याला याहून गोड शब्द कोणता?) भातखंडे पद्धतीची चिन्हे तीत तयार मिळत नाहीत, म्हणून पाच रेघांवर स्वर मांडून खाली सा-रे-ग टंकित केले. खरी अडचण मात्रांची. दोन उभ्या रेघांमध्ये ठरलेल्या मात्रा बसल्याच पाहिजेत. आजीचा सूर लांबला की यंत्र त्याचे दोन तुकडे करून कमानीने जोडते. मींडेसाठी तिरकी रेघ आहे, पण पियानोच्या आवाजात ती जिन्यावरून घरंगळल्यासारखी वाजते.

आजीला ऐकवले. ती हसेल असे वाटले होते. तिने एवढेच विचारले, “हे थांबत का नाही? घडे भरायचे कधी?” मी विरामाचे चिन्ह घातले. यंत्र मोजून थांबले आणि पुढे निघाले. घडे काही मोजून भरत नाहीत.

एक मित्र म्हणाला, मोबाइलवर ध्वनिमुद्रण कर, हा खटाटोप कशाला? तेही केले आहे. त्यात घुमटाच्या आवाजाखाली निम्मे सूर बुडाले. शिवाय बँडवाल्याला समोर कागद लागतो. क्लॅरिनेटसाठी तीच चाल एक स्वर वर चढवून लिहावी लागते, ते काम यंत्र क्षणात करते. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या भातखंड्यांनी उस्तादांच्या शेकडो चिजा हाताने उतरवल्या. कागदावर सारे गाणे येत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते काय? तरी त्यांनी लिहिले, म्हणून त्या चिजा आज वर्गात शिकवता येतात.

तेव्हा माझी प्राध्यापकांना विनंती आहे: यापुढे लोकगीताच्या प्रकल्पात चालीचे एक पान सक्तीचे करा. चुकीचे उतरले तरी चालेल. दुरुस्त करणारी माणसे अजून गावात आहेत.

विरामाच्या चिन्हावर मी शेवटी शब्दांतच लिहिले, ‘घडे भरेपर्यंत’. गावातल्या क्लॅरिनेटवाल्या काकांनी तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, “दुसरं गाणं कधी देतोस?”