फ्रिज म्हातारा झालाय, मेलेला नाही!

गेल्या महिन्यात आमचा फ्रिज बंद पडला. मागून 'टक्' असा आवाज यायचा, जरा घरघर, पुन्हा 'टक्' आणि शांतता. २००४ साली, नोकरीत असताना हप्त्यांवर घेतलेला, एका दाराचा, १६५ लिटरचा.

मेकॅनिक आला. मागे हात लावून दोन मिनिटांत म्हणाला, "आजी, कॉम्प्रेसर गेला. साडेसहा हजार होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या." पुण्याहून लेकाचा फोन, "आई, टाकून दे ना आता. एक्स्चेंज ऑफर चालू आहे." नेमकं काय बिघडलंय, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मला राग आला तो याचाच.

शेवटी मोटर वाइंडिंगचं दुकान असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्याने मागचं झाकण उघडलं. "बाई, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. रिले जळालाय." कॉम्प्रेसर सुरू करून देणारा हा काडेपेटीएवढा भाग. तो गेला की कॉम्प्रेसर उठत नाही, मग ओव्हरलोड वीज तोडतो. तोच तो 'टक्'. मजुरीसकट अडीचशे रुपये! साडेसहा हजार कुठे आणि अडीचशे कुठे?

मी मराठीतून बी.ए. झालेली बाई. फ्रिजमधलं मला काय कळणार, असं सगळ्यांना वाटतं. पण वीस वर्षांत मी जे केलं, त्याला पदवी लागत नाही. दारात दहाची नोट अडकवून दार लावायचं. नोट अलगद निघून आली, तर गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, सैल झालंय. कोमट साबणपाण्याने ते पुसायचं. वाकडं झालं असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून सरळ करायचं. फाटलं असेल तरच नवीन. सैल रबरातून दमट हवा आत जाते, बर्फाचा थर चढतो, त्या थरामुळे गारवा नीट पोचत नाही आणि कॉम्प्रेसर उगाच धावत राहतो. मागच्या जाळीवरची धूळ मी दर दिवाळीला प्लग काढून जुन्या ब्रशने झाडते. फ्रिज भिंतीपासून वीतभर लांब ठेवते.

आणि बर्फ सुरीने कधीही खरवडू नका. पत्र्याला भोक पडलं की गॅस गेला, मग अडीचशेत भागत नाही. गॅसच्या नळ्यांना आणि विजेच्या जोडण्यांना आपण हात लावायचा नाही, ते जाणकाराचं काम. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा वायू असतो.

आता तुम्ही म्हणाल, नवा फ्रिज वीज कमी खातो. खरं आहे, खातो. गॅस वारंवार गळू लागला, आतला पत्रा कुजला, तर मीही नवाच घेईन, हट्ट करणार नाही. पण सैल रबर आणि धुळीने भरलेली जाळी यांचं बिल फ्रिजच्या वयाच्या नावावर फाडू नका. आधी ते दुरुस्त करा, दोन महिने मीटर बघा, मग बोला.

सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. चांगलंच झालं. पण झाकण उघडून बघायचीच आळस असेल, तर नियम काय करणार? उघडून बघणारी माणसं आपणच धंद्यातून उठवतोय. त्या मुलाच्या दुकानात आता हाताखाली शिकायला कोणी येत नाही. तो थकला की आपण सगळे 'नवीनच घ्या' म्हणणाऱ्याच्या हातात.

चूक शोधल्याशिवाय वहीवर नापासाचा शेरा मी कधी मारला नाही. फ्रिजवर तरी का मारू?

असो. लेकाला सांगितलंय, दिवाळीला ये, थंडगार श्रीखंड ठेवते. याच फ्रिजमध्ये!