ओल झाकू नका!

घर विकावयाचे म्हणजे हल्ली ते आधी नटवावे लागते. दलाल आला, चार खोल्या फिरला आणि फर्माने सोडू लागला. आईची खाट मागे न्या, औषधांच्या बाटल्या दडवा, चौकटीवरच्या पोरांच्या उंचीच्या रेघा खरवडा. घेणाऱ्याला घर आपलेच वाटले पाहिजे म्हणे! इथवर मी ऐकून घेतले. जळमटे काढायला कोणाची ना आहे? दिवाळीला आपण तेच करतो.

पण पश्चिमेच्या भिंतीपाशी तो म्हणाला, "मास्तर, ऑइलपेंटचे दोन हात मारा नि पुढे कपाट लावा."

त्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, लोणा फुटतो. चुन्यातून ओल निदान बाहेर तरी पडते; ऑइलपेंटखाली ती कोंडते आणि पुढल्या पावसात पोपडे सुटतात. तोवर घेणाऱ्याची जन्माची पुंजी आमच्या खिशात! ही सजावट? ही शुद्ध लबाडी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की, घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे.

"सगळेच झाकतात हो," दलाल हसला. कॉपी करताना सापडलेला पोरगाही मला हेच सांगतो!

गेल्या रविवारी आलेल्या जोडप्याला मी आधी ती भिंतच हात लावून पाहावयास सांगितली. ते दीड लाख कमी देतो म्हणाले. घरात अजून माझ्याशी कोणी धड बोलत नाही.