आजोबांचें रिव्हॉल्व्हर : जपावें कीं उडवावें?

खंडेनवमीच्या दिवशीं पाटावर कोणत्या वस्तू मांडल्या जातात यावरून त्या घराचा पूर्वेतिहास न विचारतां कळतो. कोठें कोयता आणि विळी, कोठें अडकित्ता, कोठें शिवणयंत्र, तर हल्लीं कोठें मोटारीची किल्लीहि असते. क्वचित् एखाद्या घरीं याच पाटावर एक जुनें रिव्हॉल्व्हर दिसतें. पणजोबा इंग्रजी अमलांत फौजदार होते, हें त्यांनीं स्वखर्चानें घेतलें, पुढें परवाना मुलाच्या व मग नातवाच्या नांवें झाला, अशी त्याची हकीकत असते. अशा घरांत बहुधा दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, ‘ही पूर्वजांची ठेव आहे, तिला हात लावूं नये.’ तरुण मंडळी म्हणतात, ‘जें उडतें त्यासच शस्त्र म्हणावें, एकदां तरी उडवून पाहूं.’ या वादाचा आज थोडा विचार करूं.

आपल्या घरांतून असें शस्त्र विरळा कां, हें आधीं ध्यानांत घ्यावें. १८५७ च्या उठावानंतर सरकारनें प्रजेचीं शस्त्रें काढून घेतलीं, आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं शस्त्रांचा कायदा झाला. तेव्हांपासून परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला. साहजिकच ज्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर, तो सरकारच्या विश्वासांतला, असा समज रूढ झाला. घराण्याच्या अभिमानाचें मूळ येथें आहे. अभिमान असावा, पण तो हुद्द्याचा होता कीं विश्वासाचा, हें प्रत्येक घरानें आपल्याशीं ठरवावें.

आतां वस्तूकडे वळूं. हीं रिव्हॉल्व्हरें बहुशः बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचीं. आयर्लंडच्या पोलिसांसाठीं या कारखान्यानें १८६८ च्या सुमारास केलेला आखूड नमुना पुढें साम्राज्यभर पसरला. १८८७ सालीं ब्रिटिश सैन्यानें त्याचें .४५५ मापाचें रिव्हॉल्व्हर स्वीकारलें. त्याचाच १९१५ चा सहावा नमुना वजनानें किलोहून अधिक भरतो. पुढें .३८ मापाचें हलकें रिव्हॉल्व्हर पोलिसांत रुळलें. बिजागरीवर नळी खालीं झुकविली कीं रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर उचलल्या जाव्या, ही त्यांतली करामत खरोखर पाहण्याजोगी आहे.

उडविणाऱ्या पक्षाचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं पोरकट वाटत नाहीं. घडींतच राहिलेली पैठणी घडीवरच विरते, आणि खोळींतला तंबोरा बेसूर होतो. यंत्रहि चालतें तोंवरच यंत्र. परंतु जुन्या रिव्हॉल्व्हरास हा दाखला पुरता लागू पडत नाहीं. पहिली अडचण काडतुसाची. महायुद्धानंतर अमेरिकेंत विकल्या गेलेल्या अनेक .४५५ रिव्हॉल्व्हरांचें फिरतें चक्र मागून घासून त्यांत .४५ मापाचीं स्वयंचलित पिस्तुलांचीं काडतुसें बसतील अशी सोय व्यापाऱ्यांनीं केली. काडतूस आंत बसलें खरें. पण त्याचा दाब त्या पोलादाची परीक्षा ज्या दाबानें झाली होती त्याहूनहि अधिक! आंत बसतें म्हणून तें चालतेंच, असें नव्हे. दुसरी अडचण हवेची. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतला क्षार नळींत राहतो व हवेंतलें पाणी ओढून घेतो. म्हणूनच जुने शिपाई गोळीबारानंतर नळी कढत पाण्यानें धुवून, पुसून, तेल लावून ठेवीत. अंबरनाथ-बदलापुराकडील पावसाळ्यांत ही दक्षता एकदां चुकली कीं नळीस आंतून गंज चढलाच म्हणून समजावें.

मग जपणारा पक्ष जिंकला काय? तसेंहि नाहीं. त्याच्या जपण्यांतच पुष्कळदां नाश असतो. हळदीकुंकवाचें पाणी पोलादावर तसेंच सुकतें. कातडी म्यान ओल धरून धातूस खातें. आणि चकचकीत करण्याच्या हौसेनें मूळचा निळसर रंग घासून टाकला, म्हणजे जाणत्या संग्राहकाच्या लेखीं त्या वस्तूचें मोल तेथेंच घसरतें. याहून मोठी चूक म्हणजे नोंद न ठेवणें. या बाबतींत इंदूरचें उदाहरण मोठें बोधप्रद आहे. होळकरांच्या या नगरींत सीमा सुरक्षा दलाची शस्त्रविद्येची शाळा आहे. लाहोरास १७ डिसेंबर १९२८ रोजीं सॉन्डर्स या पोलिस अधिकाऱ्यावर भगतसिंग व आपल्या खेडचे राजगुरू यांनीं गोळ्या झाडल्या. त्या वेळचें भगतसिंगांचें .३२ मापाचें कोल्ट पिस्तूल पंजाबांतील फिल्लौरच्या पोलिस शाळेंतून १९६९ सालीं इंदुरास आलें, आणि इतर जुन्या हत्यारांत मिसळून गेलें. गंजूं नये म्हणून त्यावर काळा रंग चढविलेला होता. २०१६ च्या सुमारास रंग खरवडला, तेव्हां कागदोपत्रीं असलेला १६८८९६ हा क्रमांक त्यावर मिळाला, आणि इतकीं वर्षें अनामिक राहिलेलें तें लोखंड राष्ट्राची ठेव ठरलें. तें कोणी उडवून ओळखलें नाहीं आणि केवळ जपूनहि ओळखलें नाहीं. तें ओळखलें कागदानें.

आम्हीं हा विषय उल्हासनगराच्या टापूंत मुद्दाम आणला आहे. हें गांव दुसऱ्या महायुद्धांतल्या लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांनीं वसविलें. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्यास आजचें नांव मिळालें. शेजारीं अंबरनाथास सरकारी शस्त्रनिर्माणी आहे, आणि तेथें राबलेल्यांचीं घरें पंचक्रोशींत आहेत. येथल्या लोकांस शस्त्र ही पोथींतली गोष्ट नाहीं. २ फेब्रुवारी २०२४ रोजीं याच गांवच्या हिल लाइन पोलिस ठाण्यांत, खुद्द अधिकाऱ्याच्या खोलींत, गोळीबार झाला. जेथें कायद्याचा पहारा, तेथेंहि भरलेलें शस्त्र आणि भरलेलें डोकें एकत्र आलीं तर काय होतें, हें साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. मग जेथें चार भावंडांचीं मुलें उन्हाळ्याच्या सुटींत कपाटें धुंडाळतात, त्या घराची काय कथा?

कायद्याची बाजूहि कर्त्या माणसांनीं जाणून घ्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन सामान्य परवानेदारास तीनऐवजीं दोनच अग्निशस्त्रें ठेवण्याची मुभा राहिली. वारशानें आलेलीं शस्त्रेंहि त्या संख्येंत मोजलीं जातात. परवानेदार निवर्तला म्हणजे शस्त्र वारसानें पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग रीतसर अर्ज करावयाचा असतो. ‘जुनें आहे, त्यास परवाना कशाला?’ ही समजूत घातक आहे. पुरातन म्हणून सवलत आहे ती दुरुस्त करूनहि उडूं न शकणाऱ्या शस्त्रापुरतीच.

ज्या तरुणास नेमबाजीचीच ओढ आहे, त्यास आम्ही निरुत्साह करीत नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें, तें पणजोबांच्या पेटींतलें हत्यार काढून नव्हे. मैदानावर, गुरूच्या देखरेखीखालीं, आजच्या शस्त्रानें व आजच्या काडतुसानें. ओढ खरी असेल तर वाट तीच.

आणि घरांतल्या त्या रिव्हॉल्व्हराचें काय? तें रिकामें असल्याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्यावी, काडतुसें घरांत ठेवूं नयेत, आणि किल्ली एकाच जबाबदार हातीं असावी. मग एका वहींत लिहावें : क्रमांक अमुक, घेतलें अमुक सालीं, घेणारा अमुक, तो अमुक ठिकाणीं फौजदार, त्यानें तें कधीं उपसलें काय, आणि उपसलें तर कोणावर. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर अडचणीचें असलें तरी गाळूं नये. तें सांगूं शकणारीं वृद्ध माणसें अजून माजघरांत बसलेलीं आहेत, तोंवरच ही वही लिहिली जाईल.