जमाखर्च : सहा गठ्ठ्यांची शिस्त

आमच्या गल्लीतील एका भगिनींचे पती गेल्या वर्षी निवर्तले. घरपट्टीच्या नोंदवहीत स्वतःचे नाव लावून घेण्यासाठी त्यांनी स्थानिक कार्यालयात अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, वारसांचे संमतिपत्र, पट्टी भरल्याच्या पावत्या, सर्व काही जोडलेले होते. तरीही त्यांना सात खेटे घालावे लागले. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उद्धटपणे बोललेही नाही. अर्ज सापडत नव्हता, एवढेच! सातव्या खेपेस मी सोबत गेलो. लिपिकाने तीन गठ्ठे सोडले, तेव्हा तो अर्ज जुन्या परिपत्रकांच्या ढिगात निघाला. त्यावर टिपणी लिहून तो वरिष्ठांकडे पाठवण्यास वीस मिनिटे पुरली.

त्या भगिनी शिवणकाम करून घर चालवतात. प्रत्येक खेपेस त्यांची अर्ध्या दिवसाची कमाई बुडाली, रिक्षाचे भाडे गेले ते निराळेच. हा खर्च कोणत्याही कार्यालयाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. प्रशासनाच्या काटकसरीची चर्चा होते तेव्हा कागद, वीज आणि वेतन यांचा हिशेब मांडला जातो. विलंबाची किंमत मात्र नागरिकाच्या नावे पडते आणि ती कोणी लिहून ठेवत नाही. आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माझ्यासारख्याला ही चूक खटकल्यावाचून राहत नाही.

यावरचा उपाय शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची घडी नव्याने बसवली. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ती पुढे राज्यभर ओळखली गेली. त्या वेळी टेबलावर संगणक नव्हते. कागद कोठे असावा, तो किती काळ राखावा आणि आलेल्या माणसाला उत्तर कोणी द्यावे, एवढ्याच प्रश्नांचा तेथे नीट विचार झाला.

शासकीय कार्यालयांत आज सांगितली जाणारी सहा गठ्ठे पद्धत याच विचाराची आहे. कर्मचाऱ्याजवळचे सर्व कागद सहा भागांत विभागायचे. निर्णयासाठी हाती असलेली प्रकरणे पहिल्या गठ्ठ्यात. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत असलेली दुसऱ्यात. ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे तिसऱ्यात. स्थायी आदेश चौथ्यात. अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे पाचव्यात. आणि नष्ट करायचे कागद सहाव्यात. अभिलेखांचेही अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘अ’ वर्ग कायमचा राखायचा, तर ‘ड’ वर्गाचे आयुष्य एका वर्षाचे. या पद्धतीला वेगळा निधी लागत नाही. कापडाचे रुमाल, चिठ्ठ्या आणि रोजची थोडी शिस्त पुरते. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम हाती घेतली, तेव्हाही आधी कागदांची अशी वर्गवारी आणि मग आलेल्या प्रकरणांचा त्याच दिवशी निपटारा, हाच क्रम ठेवला होता.

आज नगरपालिका आणि ग्रामपंचायती संगणकावर येत आहेत, हे स्वागतार्हच आहे. परंतु अव्यवस्थित कपाटाचे जसेच्या तसे स्कॅनिंग केले, तर अव्यवस्थाच पडद्यावर येते. आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा हा अनुभव आम्ही घेतला. ज्या शाखांची खाती आधी जुळलेली होती, तेथे काम सुरळीत सुरू झाले. ज्यांची जुळलेली नव्हती, तेथे रात्री जागवाव्या लागल्या. आधी निवड, मग यंत्र, हाच क्रम किफायतीचा ठरतो.

नागरिकांनीही आपले हक्क जाणून घ्यावेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. मुदत उलटल्यास प्रथम अपील, नंतर द्वितीय अपील आणि शेवटी आयोग अशा पायऱ्या आहेत. दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून अर्ज देताना पोच घ्यावी आणि तीवर दिनांक आहे ना, हे पाहावे. त्या भगिनींजवळ पोच नव्हती. ती मागावी, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेजारी राहणाऱ्या मीसुद्धा नाही.

येथे एक कबुली द्यावयास हवी. त्या कार्यालयातून परतल्यावर, कोषाध्यक्ष या नात्याने मी आमच्या मंदिराच्या न्यासाचे कपाट उघडले. जुन्या महोत्सवांच्या निमंत्रणपत्रिका, एकाच पत्राच्या चार-चार प्रती आणि त्यांच्याखाली एका श्राविकेचे दोन वर्षांपूर्वीचे पत्र! सासूबाईंच्या स्मरणार्थ दिलेल्या रकमेची पावती मिळाली नाही, असे त्यांनी नम्रपणे लिहिले होते. रक्कम खात्यात जमा होती. पावती तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, “पैसे पोहोचलेच नाहीत, असं समजून मी गप्प बसले होते. पुन्हा विचारायचा संकोच वाटला.” दोन वर्षे आपल्याच न्यासाविषयी त्यांच्या मनात शंका राहिली, आणि तिला कारण मी होतो.

आपल्याकडे दैवसिक प्रतिक्रमण सांगितले आहे. दिवसभरात लागलेल्या दोषांची आलोचना त्याच दिवशी करावी, ती वर्षअखेरीवर ढकलू नये, हा त्यामागील भाव आहे. कार्यालयातील रोजचा निपटारा याहून फार निराळा नाही. अपरिग्रहाचा नियमही केवळ धनधान्यापुरता नसावा. उपयोग संपलेला कागद साठवणे हाही संग्रहच होय.

आता दर रविवारी पूजेनंतर आम्ही दोघे-तिघे न्यासाच्या कार्यालयात एक तास बसतो. सहा गठ्ठे बांधून झाले आहेत. दुसऱ्या गठ्ठ्यात अजून अकरा पत्रे आहेत. पर्युषणापूर्वी तो गठ्ठा रिकामा करण्याचा आमचा संकल्प आहे. मग नगरपालिकेकडे हीच मागणी करताना आमचा आवाज थोडा अधिक स्थिर असेल.