आधी आवाज, मग चित्र

लग्न असो, मेंदीचा समारंभ असो वा घरातील वडीलधाऱ्यांची मुलाखत असो, हल्ली प्रत्येक घरी व्हिडिओ तयार होतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु असे अनेक व्हिडिओ पाहिल्यावर आमच्या मनात एक खंत उरते. चित्र स्वच्छ असते, रंग मनोहर असतात. आवाज मात्र धड ऐकू येत नाही. आमच्या स्वतःच्या घरीही हेच घडले. नव्वदी ओलांडलेल्या आमच्या आत्यांनी कोकणातील आपल्या बालपणाची हकिकत तासभर सांगितली. कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि मध्ये एअर कंडिशनर घरघरत होता. आज आत्या हयात नाहीत. त्यांचे हातवारे दिसतात, हसणे दिसते. शब्द मात्र दहातले दोन हाती लागतात. दोष यंत्राचा नव्हता, आमचाच होता. कॅमेऱ्यासाठी आम्ही पैसे मोजले, आवाजासाठी मोजले नाहीत.

चित्र आधी आणि आवाज मागाहून, ही रीत जुनीच आहे. आज सौदी अरेबियात मोडणाऱ्या भूमीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १८८५ साली डच विद्वान ख्रिस्तियान स्नूक हुर्ग्रोन्ये मक्केत कॅमेरा घेऊन राहिले. त्यांनी आणि मक्केतील अब्द अल-गफ्फार नावाच्या वैद्यांनी काढलेली छायाचित्रे १८८८ व १८८९ साली प्रसिद्ध झाली. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालीच निघाला होता. परंतु प्रवासात नेऊन भरवशाने वापरावा असा तो तेव्हा नव्हता. त्यामुळे त्या चित्रांतील माणसे मुकीच राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हुर्ग्रोन्ये यांच्या प्रयत्नाने जिद्द्यात मेणाच्या नळ्यांवर गाणी व पठणे मुद्रित झाली. एका नळीत अवघी दोन-चार मिनिटे मावत. अशा सुमारे तीनशे नळ्या आज लायडन विद्यापीठात जतन केलेल्या आहेत. एवढ्या थोड्या मिनिटांसाठी एवढी खटपट! आणि आपल्या खिशात तासन्‌तास मुद्रण करणारे यंत्र मावत असता आपण ते वापरीत नाही.

१९३२ साली सेंट जॉन फिल्बी यांनी रुब-अल-खालीचे वाळवंट ओलांडले. वाटेत नायफाच्या विहिरीपाशी वाळूच्या टेकडीतून उठणारा गंभीर नाद त्यांनी ऐकला आणि पुढे आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. वर्णन उरले, त्या दिवशी त्यांच्या कानांवर पडलेला नाद उरला नाही.

अलीकडची गोष्ट घ्यावी. हायफा अल-मन्सूर यांचा 'वजदा' हा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. संपूर्ण चित्रण सौदी अरेबियात झालेला हा पहिला कथापट होय. रियाधच्या रस्त्यावर स्त्रीने पुरुषांसमवेत उघडपणे काम करणे तेव्हा कठीण होते, म्हणून कित्येक दृश्यांचे दिग्दर्शन त्यांनी मोटारीत बसून वॉकीटॉकीवरून केले. दिग्दर्शिकाच जेथे दूर, तेथे नटांजवळच्या मायक्रोफोनवर आणि तो सांभाळणाऱ्या माणसाच्या कानांवर किती भिस्त असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्या देशात चित्रपटगृहे पुन्हा उघडली. आता तेथील तरुण याच ऊन, वाळू आणि वाऱ्यात चित्रण करीत आहेत. बेरशेबा आणि दिमोना येथील आमच्या वाचकांना या तिघांची ओळख करून द्यावयास नको. म्हणूनच तेथे जे यंत्र टिकेल, तेच आपल्यालाही उपयोगी पडेल.

दुकानात गेल्यावर सहा-आठ मायक्रोफोन जोडता येणाऱ्या यंत्रांना आपण भुलू नये. घरगुती कामास दोन मायक्रोफोन जोडता येणारे यंत्र पुरेसे आहे. आवाजाची पातळी सतत फिरवीत बसण्याचा सराव नसेल, तर '३२ बिट फ्लोट' पद्धतीचे यंत्र घ्यावे. त्यात कुजबूज आणि एकाएकी मारलेली हाक, दोन्ही नंतर सावरून घेता येतात. सेकंदाला ४८,००० नमुने ही व्हिडिओची रूढ रीत आहे. मुद्रण तीच ठेवून आणि 'वेव्ह' स्वरूपातच करावे. पुष्कळशा यंत्रांच्या माहितीपुस्तकात ४० अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि रियाधचा उन्हाळा ती सहज ओलांडतो. तेव्हा यंत्र सावलीत, कापडी पिशवीत ठेवावे. बंद मोटारीत कधीही ठेवू नये. मायक्रोफोनला केसाळ टोपी घातल्यावाचून उघड्यावर मुद्रण करू नये, कारण वाऱ्याचा घोंघाट मागाहून पुसता येत नाही. हेडफोन लावून ऐकणारा एक माणूस नेमावा. आरंभी व शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवावी, म्हणजे ओठ आणि शब्द जुळविणे सोपे जाते.

कोणी म्हणतील, मोबाईल असताना हा खर्च कशाला? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्म्यावर येतो. म्हणून वक्त्यापासून हातभर अंतरावर ठेवलेला साधा मोबाईलही खोलीच्या टोकाला ठेवलेल्या किमती यंत्रावर मात करतो. परंतु मोबाईलवर मध्येच कोणाचा फोन येतो, आणि पुष्कळदा तो आपल्या मर्जीने आवाज चढवतो-उतरवतो. तासाभराच्या हकिकतीसाठी स्वतंत्र यंत्र हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक घराने ते विकत घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. दहा कुटुंबांनी मिळून एक घ्यावे आणि आळीपाळीने वापरावे. ज्यांना कोकणातील बोली येते, कीर्तनाच्या चाली ठाऊक आहेत, अशी माणसे आपल्यांत आता मोजकी उरली आहेत. त्यांचे फोटो आपल्यापाशी पुष्कळ आहेत. येत्या सुट्टीत त्यांच्याकडे जाताना नवा कॅमेरा घरी राहिला तरी चालेल. ध्वनिमुद्रक मात्र बरोबर घ्यावा, आणि आत गेल्यावर प्रथम एअर कंडिशनर बंद करावा.