उताऱ्यालाही मशागत लागते

गेल्या बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर एक ओळखीचे शेतकरी भेटले. लेक बारावीला आहे, हुशार आहे. दिल्लीच्या विद्यापीठात शिकायचं म्हणते, त्यासाठी ‘सीयूईटी’ ही प्रवेश परीक्षा देणार आहे. तयारी कशी काय, म्हणून विचारलं. म्हणाले, ‘अकाउंटचा क्लास लावून देल्ला भाऊ. मराठीच्या पेपरात तं उतारेच असते. उताऱ्याले काय अभ्यास लागते? वाचाचं अन् उत्तर द्याचं!’

गाडी लागली, ते निघून गेले. पण त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण हे एकट्या त्यांचं मत नाही. गावोगाव पालक असंच समजतात, आणि काही शिक्षकसुद्धा. गणिताला क्लास, सायन्सला क्लास, आणि वाचनाला? ते तर पहिलीपासून येतंच! आमचं म्हणणं आहे की नेमक्या याच समजुतीनं खेड्यातल्या मुलांचे गुण जातात.

आधी परीक्षा काय आहे ते पाहू. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांचे पदवीचे प्रवेश या सामाईक परीक्षेवर होऊ लागले. पूर्वी दिल्लीत बारावीच्या टक्क्यांवर यादी लागायची, आता या परीक्षेच्या गुणांवर लागते. भाषेच्या पेपरासाठी तेरा भाषा आहेत आणि त्यात आपली मराठी आहे. ही गोष्ट किती घरांत माहीत आहे? इंग्रजीच्या धाकानं फॉर्मच न भरणारी मुलं आहेत. अर्थात, कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा चालते हे त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहूनच फॉर्म भरावा. नंतर पस्तावून उपयोग नाही.

२०२५ पासून या पेपरात पन्नास प्रश्न, सगळे सोडवायचे, वेळ साठ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही, आणि उतारा वाचायचा वेळ त्यातच आला. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. पेपर कागदावर नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आता सांगा, याला अभ्यास लागत नाही?

मेख कुठे असते?

एक छोटा उतारा आम्हीच करून देतो. वाचा:

‘कोरडवाहू रानात सोयाबीनच्या जोडीला तूर पेरण्याची रीत आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, तूर त्यानंतरही उभी असते. तिची मुळं खोल जातात, म्हणून पाऊस लवकर उघडला तरी ती तग धरते. एका पिकानं दगा दिला तरी सगळं शेत रिकामं राहत नाही.’

प्रश्न: उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता? (अ) तुरीला सोयाबीनपेक्षा चांगला भाव मिळतो. (ब) तुरीची मुळं खोल जातात. (क) दोन पिकं घेतल्यानं जोखीम कमी होते. (ड) कोरडवाहू रानात सोयाबीन घेऊ नये.

शेतकऱ्याचं पोर पटकन ‘अ’वर बोट ठेवतं, कारण घरी भावाचीच चर्चा ऐकलेली असते. पण उताऱ्यात भावाचा शब्द तरी आहे का? ‘ब’ उताऱ्यात आहे, पण तो मुद्दा नव्हे, मुद्द्याचा आधार आहे. ‘ड’ म्हणजे ताणून तोडलेली गोष्ट. उत्तर ‘क’. आणि गंमत पाहा, ‘जोखीम’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही! शब्द शोधत बसणारा इथं फसतो, अर्थ धरणारा सुटतो.

म्हणून पहिला धडा हा, की आपल्याला जे माहीत आहे ते बाजूला ठेवायचं आणि समोर जे लिहिलंय तेवढंच खरं धरायचं. ऐकायला सोपं आहे, हातात यायला दोन-तीन महिने लागतात.

घरी काय करावं?

रोजचा पेपर घ्या. त्यातला एक लेख निवडा. पहिले पंधरा दिवस घड्याळ लावू नका. एकदा शांतपणे वाचा, पेपर उलटा ठेवा, आणि लेखक काय म्हणतो ते एका वाक्यात सांगा. सांगता आलं नाही तर वाचलंच नाही असं समजा. मग दुसऱ्यांदा वाचताना ‘पण’, ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘तरीही’ या शब्दांखाली रेघ मारा. बांधावरून जसं पाणी वळतं तसा लेख या शब्दांपाशी वळतो, आणि प्रश्न बहुधा तिथेच निघतो. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी वाक्यावरून ओळखा, मग शब्दकोश उघडा.

पुढे घड्याळ लावा. चुकलेल्या प्रश्नांची एक वही करा. बरोबर उत्तरापुढे ‘मी का चुकलो’ तेही लिहा. चार पर्यायांपैकी दोन खात्रीनं बाद होत असतील तर उरलेल्यांपैकी एक टिपून पुढे जा. पाच मिळण्याची आशा एक जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी आहे. शेवटच्या महिन्यात पडद्यावर वाचायचा सराव हवाच. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर सरावाच्या परीक्षा फुकट मिळतात.

आईबापांना वाचता येत नसेल तरी हरकत नाही. रात्री जेवताना एवढंच विचारा, ‘आज काय वाचलं? सांग बरं.’ पोराला सांगता आलं पाहिजे, आणि तुम्हाला समजलं पाहिजे. याहून चांगली परीक्षा कुठल्या क्लासमध्ये होत नाही.

गावानं काय करावं?

आता दोन शब्द सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड असे वाचनालयांचे वर्ग आहेत, त्यांना अनुदान आहे. पण आपल्या गावचं वाचनालय किती वाजता उघडतं, हे छातीवर हात ठेवून सांगा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. ठीक आहे. पण कुलूपबंद कपाटातल्या भाषेला दर्जा मिळून पोरांना काय मिळणार?

फार खर्चाचं मागत नाही. संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडं, एक दिवा, दोन दैनिकं, एक मराठी शब्दकोश. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर रविवारी सकाळी मुलांना तासभर सराव. गावात एखादे निवृत्त गुरुजी असतातच, त्यांना मानानं बोलवा. मोर्चा नको, ठराव पुरे.

कोणी म्हणेल, दिल्लीला जाणारी पोरं गावात असून असून किती? एखादं. मग एवढा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर आपल्याच शेतात आहे. गारपिटीनं पीक गेलं तर विम्यासाठी बहात्तर तासांच्या आत कळवावं लागायचं. ही अट छापलेली असायची, तरी दर वर्षी कितीतरी जण उशिरा धावायचे. औषधाच्या डब्यावरचं प्रमाण, कर्जाच्या कागदावरची बारीक ओळ, सातबाऱ्यावरची नोंद हेही उतारेच आहेत. फरक एवढाच, की परीक्षेत चुकलं तर एक गुण जातो. इथं चुकलं तर हंगाम जातो, कधी जमीनही जाते.

तेव्हा स्टँडवरच्या त्या भाऊंना आमचं एवढंच सांगणं आहे. अकाउंटचा क्लास चालू द्या. पण नांगरट न करता बी टाकलं तर काय उगवतं, ते तुम्हाला आम्ही सांगावं लागत नाही. वाचनाचंही तसंच आहे, भाऊ. आजपासून पेपर लेकीच्या हाती द्या, आणि रात्री विचारा, ‘काय वाचलं?’