संगणकशास्त्राचे विद्यार्थी, येत्या संधि व घरची संमति

आमच्या हायस्कुलांतून बाहेर पडून पुढें विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकूं इच्छिणाऱ्या मुलामुलींची संख्या दर वर्षीं वाढत आहे, हें पालकांस सांगावयास नको. प्रवेश मिळाला, फी भरली, लॅपटॉप घेऊन दिला, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. पुढें शेवटच्या वर्षीं कॉलेजांत कंपन्या येतील तोंपर्यंत पाहावयाचें कांहीं नाहीं, अशी पुष्कळ घरांतून समजूत आहे. ती आम्हांस फार अपुरी वाटते. ह्या तीन-चार वर्षांत पेरणीच्या नक्षत्रांप्रमाणें ठराविक महिन्यांत कांहीं संधि येत असतात. त्यांपैकीं बहुतेक सर्वांस खुल्या असतात. तरी लहान गांवांतून आलेलीं, मराठी माध्यमांत शिकलेलीं मुलें त्यांत थोडींच दिसतात. बुद्धीची उणीव हें त्याचें कारण नव्हे, असें आमचें ठाम मत आहे. कारण बहुतेक वेळां घरांत सांपडतें.

पहिलें उदाहरण म्हणून 'गूगल समर ऑफ कोड' ह्या उपक्रमाकडे पाहूं. तो इ. स. २००५ मध्यें सुरू झाला. जगांत असे पुष्कळ प्रोग्रॅम आहेत कीं, ज्यांचा कोड कोणासही वाचण्यास व सुधारण्यास मोकळा असतो. ह्यांस ओपन सोर्स म्हणतात. पायथन, डेबियन, विकिमीडिया इत्यादि संस्था आपापलीं कामें पुढें मांडतात, आणि नवशिक्यांनीं त्यांपैकीं एक निवडून, तें आपण कसें करूं ह्याचा लेखी प्रस्ताव पाठवावयाचा असतो. ज्याचा प्रस्ताव पसंत पडेल त्यास एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो, उन्हाळ्याचे दोन-तीन महिने घरीं बसून काम करावें लागतें, व काम तपासून झाल्यावर मानधन मिळतें. पूर्वीं हा उपक्रम केवळ विद्यार्थ्यांसाठीं होता, इ. स. २०२२ पासून अठरा वर्षें पूर्ण झालेल्या इतर नवशिक्यांसही तो खुला झाला. अर्जाच्या वेळीं परीक्षेचे गुण पाहिले जात नाहींत, प्रस्ताव आणि त्यापूर्वीं केलेलें लहानमोठें काम पाहिलें जातें. कॉलेज कोणतें, गांव कोणतें, वडिलांचा धंदा कोणता, हें कोणी विचारीत नाहीं.

आतां ह्यांतील खरी मेख कोठें आहे ती पाहा. भाग घेणाऱ्या संस्थांचीं नांवें साधारणतः फेब्रुवारींत जाहीर होतात, आणि अर्ज मार्च-एप्रिलांत घेतात. परंतु मार्चांत जागा होणारा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी बहुधा मागें राहतो. कारण ज्यानें आदल्या दिवाळीपासून त्या संस्थेचा कोड वाचला, एखादी बारीकशी चूक दुरुस्त करून पाठविली, मार्गदर्शकांशीं दोन गोष्टी बोलला, त्याचा प्रस्ताव साहजिकच अधिक पक्का असतो. म्हणजे जाहिरात निघण्यापूर्वीं चार-पांच महिने, कोणतेंही बक्षीस समोर दिसत नसतां, मुलानें रोज तासभर बसावयाचें. नेमका हाच काळ घरच्या मंडळींस पटत नाहीं. 'परीक्षेंत नाहीं तें कशाला वाचतोस?' हा प्रश्न आम्हीं किती घरांतून ऐकला आहे! पुढें निवड झालीच तर मे महिना उजाडतो, आणि मे म्हणजे लग्नसराई. वऱ्हाडाबरोबर फिरण्यास, पाहुण्यांची ऊठबस करण्यास तोच मुलगा किंवा तीच मुलगी हाताशीं धरतात. घरीं बसून केलेलें काम तें काम नव्हे, अशी आपली जुनी समजूत आहे. लग्नें व्हावींत, त्यांस आमचा विरोध नाहीं. परंतु जो मुलगा एखाद्या कचेरींत नोकरीस लागला आहे त्यास जितकें मोकळें सोडतां, तितकें ह्या तीन महिन्यांपुरतें ह्यासही सोडावें, इतकेंच आमचें मागणें आहे.

ह्याच्या उलट टोकाचा एक रोग सध्यां विद्यार्थ्यांत पसरला आहे, तो प्रमाणपत्रें गोळा करण्याचा. दोन दिवसांची कार्यशाळा, एका संध्याकाळचें व्याख्यान, चार तासांची स्पर्धा, प्रत्येकाचा कागद फाइलींत. फाइल जाड होते, विद्या तेवढीच राहते. इ. स. २०१४ पासून दर ऑक्टोबरांत 'हॅक्टोबरफेस्ट' नांवाचा एक उपक्रम चालत आला आहे. ओपन सोर्स कामांत ठराविक सुधारणा करून पाठविणाऱ्यास त्यांत टी-शर्ट भेट मिळत असे. इ. स. २०२० मध्यें त्या टी-शर्टाच्या लोभानें असंख्य लोकांनीं निरर्थक बदल पाठविले: कोठें एखादें विशेषण घातलें, कोठें स्वल्पविराम. वेतन न घेतां हीं कामें सांभाळणारे लोक त्या कचऱ्यानें त्रासून गेले, आणि चालकांस महिन्याच्या आरंभींच नियम बदलून, ज्यांनीं आपण होऊन संमति दिली आहे तींच कामें ह्यापुढें धरलीं जातील, असें ठरवावें लागलें. त्या गर्दींत आपल्या देशांतील विद्यार्थीही पुष्कळ होते, ही गोष्ट सांगतांना आम्हांस लाज वाटते. एका चांगल्या कामांत सहा महिने घालविणारा विद्यार्थी वीस प्रमाणपत्रें मिळविणाऱ्याच्या पुष्कळ पुढें असतो, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें, आणि शेजारच्या मुलाच्या फाइलीकडे बोट दाखवूं नये.

स्पर्धाच पाहिजे असेल तर इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्ट, म्हणजे 'आयसीपीसी', ही आम्हांस सर्वांत निर्मळ वाटते. हिचें मूळ इ. स. १९७० मध्यें अमेरिकेंतील टेक्सास प्रांतीं झालेल्या एका स्पर्धेंत आहे. तीन विद्यार्थी, एक संगणक, पांच तास, असा तिचा थाट असतो. संगणक एकच असल्यामुळें एकजण लिहीत असतां उरलेल्या दोघांस कागदावर डोकें चालवावें लागतें. आणि शेवटीं सुटलेल्या प्रश्नाचें उत्तर आधीं जितक्या वेळां चुकीचें दिलें असेल तितके वेळां वीस-वीस मिनिटें दंड पडतो, म्हणून उतावळेपणा महागांत जातो. प्रश्न सुटला कीं मेजावर रंगीत फुगा बांधतात. त्या फुग्याचा आनंद मोठ्या मुलांसही होतो. आपल्या देशांत अमृतपुरी, कानपूर इत्यादि ठिकाणीं तिच्या विभागीय फेऱ्या झाल्या आहेत. हिच्या तयारीस प्रत्येकास स्वतंत्र महाग यंत्र लागत नाहीं, ही गोष्ट गरीब घरांस धीर देणारी आहे. मात्र तयारी एकाच स्पर्धेच्या नांवावर टांगून ठेवूं नये. गूगलची 'कोड जॅम' ही मोठी प्रसिद्ध स्पर्धा इ. स. २००३ मध्यें निघाली आणि २०२३ मध्यें कायमची बंद झाली. स्पर्धा गेली, तिच्यासाठीं ज्यांनीं अभ्यास केला त्यांचा अभ्यास त्यांच्यापाशींच राहिला.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. इ. स. २०१७ पासून सरकारच्या वतीनें 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' भरते. सरकारी खातीं व उद्योगसंस्था आपल्या खऱ्याखुऱ्या अडचणी मांडतात, कॉलेजें आपापल्या तुकड्या निवडतात, आणि अंतिम फेरींत संगणक-प्रणालीच्या विभागांतील तुकड्या सलग छत्तीस तास बसून तोड काढतात. इ. स. २०२३ व २०२४ मध्यें ही फेरी डिसेंबरांत झाली. तुकडी सहांची असते, आणि त्यांत निदान एक विद्यार्थिनी असलीच पाहिजे, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. परंतु तो पुष्कळदां कसा पाळला जातो? पांच मुलें आपसांत काम वाटून घेतात, आणि मग सहावें नांव हवें म्हणून एका मुलीस विचारतात. तिच्या वांट्यास काय येतें? सादरीकरणाचे कागद सजविणें, आणि परीक्षकांपुढें दोन वाक्यें बोलणें. कोड तिला दाखवीतसुद्धां नाहींत. पुढें तुकडी निवडली गेली तर ती परगांवीं जावयाची असते. छत्तीस तासांत एक अख्खी रात्र येते. आणि घरून उत्तर येतें, 'मुलीच्या जातीनें रात्रभर बाहेर राहावयाचें नाहीं.' झालें! तिच्या जागीं दुसरी नांवापुरती मुलगी शोधली जाते, आणि पुढील वर्षीं मुलें म्हणतात, 'मुलींस घेऊन उपयोग नाहीं, त्यांस घरचे सोडीत नाहींत.'

आमच्या शाळेंत गणितांत पहिल्या येणाऱ्या मुलींचीं नांवें आम्हांस पाठ आहेत. त्यांतील कित्येकींचें पुढें काय झालें तेंही ठाऊक आहे, आणि म्हणूनच हें इतक्या स्पष्टपणें लिहितों. पालकांची काळजी खोटी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु काळजी वाटते म्हणून नकार देणें आणि काळजी वाटते म्हणून चौकशी करणें, ह्यांत फार अंतर आहे. तुकडीबरोबर कोण शिक्षक जात आहेत, मुलींच्या राहण्याची सोय कोठें आहे, रात्रीं विश्रांतीस खोली आहे कीं नाहीं, हें कॉलेजास पत्रानें विचारावें. समाधान न झाल्यास आईनें किंवा मोठ्या बहिणीनें बरोबर जावें. आमच्या ओळखीच्या एका बाईंनीं असेंच केलें. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. दोन दिवस मुलीबरोबर परगांवीं जाऊन राहिल्या, आणि परत आल्यावर, तेथें कोणत्या तुकडीनें काय बनविलें तें त्यांनीं आम्हांस इतकें बारकाईनें सांगितलें कीं आम्हींच चकित झालों. मुलींसही एक सांगणें आहे. तुकडींत घेतांना माझें काम कोणतें, हें पहिल्याच दिवशीं विचारावें. नांव हवें, काम देत नाहीं, असें दिसल्यास सरळ नाहीं म्हणावें, आणि आपल्यासारख्या तिघीचौघी मिळवून स्वतःची तुकडी करावी; नियमांत मुलगे किती असावेत ह्याविषयीं सक्ती नाहीं.

ज्या घरीं परगांवीं पाठविणें खरोखरच अशक्य आहे, त्यांनीं 'आउटरीची' हें नांव टिपून ठेवावें. ओपन सोर्स कामांत ज्यांस आजवर फारसा शिरकाव मिळाला नाहीं अशा लोकांसाठीं तो उपक्रम आहे, इ. स. २००६ मध्यें ग्नोम नांवाच्या संस्थेनें स्त्रियांसाठीं काढलेल्या एका योजनेंतून तो वाढला. काम तीन महिन्यांचें, घरूनच करावयाचें, आणि २०२४ सालीं त्याचें मानधन ७,००० अमेरिकन डॉलर होतें. अर्जदारास त्या काळांत पुरेसा मोकळा वेळ आहे कीं नाहीं, हें मात्र ते कसोशीनें तपासतात. म्हणजे पुन्हां प्रश्न घराचाच. सकाळचा स्वयंपाक, धाकट्या भावंडांचा अभ्यास, आजीचें औषधपाणी, हें सर्व त्या मुलीकडेच राहिलें तर 'मोकळा वेळ' ह्या रकान्यांत तिनें काय लिहावें?

इतर संधींचा थोडक्यांत निर्देश करतों. आपल्या देशांतील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यांत दोन महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ति देतात. ती विद्यार्थ्यांप्रमाणें शिक्षकांसही मिळते. मुंबईस पवईच्या आयआयटींत 'फॉसी' नांवाचा प्रकल्प आहे, तेथील उन्हाळी फेलोशिपसाठीं आधीं एक लहानसें काम करून दाखवावें लागतें. एनपीटीईएलचे वर्ग जानेवारींत व जुलैंत सुरू होतात. शिकणें फुकट, परीक्षेस मात्र शुल्क. पुढें एम. टेक. करावयाचें असेल त्यांच्यासाठीं फेब्रुवारींतील 'गेट' परीक्षा आहे. तिचा निकाल तीन वर्षें चालतो, आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षींही तिला बसतां येतें.

शुल्काचा विषय निघालाच आहे म्हणून सावध करतों. परीक्षेची फी घेणें ही एक गोष्ट, आणि काम देतों म्हणून उमेदवाराकडूनच पैसे मागणें ही अगदीं निराळी. 'इंटर्नशिप देतों, प्रमाणपत्र देतों, अगोदर अमुक रुपये भरा,' असे संदेश मुलांच्या फोनवर सारखे येत असतात. जो काम करून घेतो त्यानें पैसे द्यावयाचे असतात. निदान मागावयाचे तरी नसतात. गाईम्हशी विकून फी भरणाऱ्या बापास अशा ठिकाणीं दहा हजार घालवितांना पाहून आमचा जीव तुटतो.

इंग्रजीची भीति हीही एक अडचण आहे, पण ती आम्हांस तितकीशी मोठी वाटत नाहीं. प्रस्ताव वाचणारा मार्गदर्शक स्वतः कदाचित् जर्मन किंवा ब्राझीलचा असतो. त्यास लहान, सरळ वाक्यें अधिक आवडतात. आपल्या शाळेंत निबंधाच्या तासास जितकें इंग्रजी लिहिलें जातें तितकें पुरतें. फायरफॉक्स, लिबरऑफिस इत्यादि प्रोग्रॅमांचा मजकूर मराठींत आणण्याचें काम तर मराठी उत्तम येणाऱ्यासच साधेल, आणि पहिलें पाऊल टाकण्यास तें चांगलें आहे.

जीं मुलें अद्याप शाळेंतच आहेत त्यांस वाटेल कीं हें सर्व पुढचें. तसें नाहीं. शालेय विद्यार्थ्यांसाठीं आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड इ. स. १९८९ पासून भरत आहे. पहिली बल्गेरियांत झाली, आणि आपला देश २००२ पासून तींत भाग घेत आहे. तिच्यासाठीं आपल्या देशांत जी निवड होते तींतील प्रश्न यंत्राहून डोक्याचे अधिक असतात. मागील वर्षांचे प्रश्न छापून आम्हीं गणिताच्या खोलींत ठेवले आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर पांच वाजेपर्यंत खोली उघडी असते. मुलींस घरीं जाण्यास उशीर होतो अशी ज्या पालकांची अडचण असेल, त्यांनीं आम्हांस येऊन भेटावें. वेळ बदलतां येईल.